प्रकल्प नोंदी : विहीर क्रमांक १४

८ मे २०२५, गुरुवार

पहाटे पाचला पुणे सोडलं. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. जीपमध्ये चालक, मी आणि सामान: डंपी लेव्हल (जमिनीची उंचसखलता मोजायची दुर्बीण), दोन स्टाफ (तिच्या उंच मोजपट्ट्या), पाणीपातळीची फीत, पाण्याची वाहकता मोजायचे दोन मीटर (पाणी जितकं खारट तितकी वाहकता जास्त), लांब केबलचा एक प्रोब, नमुन्यांच्या ऐंशी बाटल्या.

घाट उतरला की पोफळी गाव. लहानपणी या नावाचं फार अप्रूप वाटायचं. आमच्या वाडीतल्या सुपारीच्या झाडाचं नाव अख्ख्या गावाला. इथल्याच वीजघरांतून कोयनेचं पाणी वीज करून बाहेर पडतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेला वळवायला मंजूर केलेलं हे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं आणि तिथून समुद्रात. त्याच खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, आमच्या गावाला मे महिन्यात पाणी पुरत नाही. जे आहे तेही मचूळ होत चाललंय.

प्रकल्पाचं काम थोडक्यात असं. किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या ३२ विहिरींची पावसाआधीची पातळी आणि खारेपणा मोजायचा, पौर्णिमेच्या उधाणाला एकदा आणि अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा असताना, एकदा. संस्थेने गावांची यादी समोर ठेवली तेव्हा मी आमचं गाव मागून घेतलं. अहवालात हे कुठे येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दुपारी पोचलो. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग तिला जीपमधले स्टाफ दिसले. "किती दिवस?" म्हणाली. अठरा, म्हटलं. बाबा गेल्यानंतर इतके दिवस सलग मी या घरात राहिलेले नाही.

९ मे, शुक्रवार

दिवसभर पायी फिरून विहिरींची यादी पक्की केली, खडूने क्रमांक घातले. गावाची रचना सोपी आहे. पूर्वेला जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, उतारावर कलमं आणि काजू, पायथ्याला भातखाचरं, मग एकच रस्ता. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला माड-पोफळीच्या वाड्या, त्यापुढे सुरूचं बन आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. उत्तरेच्या टोकाला खाडीचं मुख आणि खारवीवाडा.

परवानगी मागायला जिथे गेले तिथे आधी ओळख पटवावी लागली. कोणाची, कुठल्या घरातली, सासर कुठलं. त्यानंतर कोणी नाही म्हटलं नाही. अनोळखी गावात याच कामाला तीन दिवस लागतात.

खारवीवाड्यातल्या दोन विहिरी, क्रमांक ३१ आणि ३२, मी आज आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांची वाट. कठड्यापाशी एक आजीबाई भांडी घासत होती. "आमची विहीर कवाच गोडी नव्हती बाय," म्हणाली. "पिण्याचं डोक्यावरनं आणायचं, वरच्या विहिरीचं. माझी सासूपण तिथनंच आणायची."

वरची विहीर म्हणजे पायथ्याची, यादीतला क्रमांक ३. पाखाडीवरून डोक्यावर हंडे घेऊन येणाऱ्या बायका मी लहानपणी रोज संध्याकाळी ओटीवरून पाहत होते. त्या कुठून येतात, कुठे जातात आणि आमच्या दारात चार पावलांवर गोडं पाणी असताना यांना इतकं लांब का जावं लागतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आज नकाशावर ३२ ठिपके दिले, तेव्हा त्या बायकांची वाट त्यांच्यामधून आपोआप उमटली. सव्वा किलोमीटर, एका बाजूने.

१० मे, शनिवार

सकाळी मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तपासले. दोन्ही ठीक. कामाला दक्षिणेकडून सुरुवात केली, दुपारपर्यंत अकरा विहिरी झाल्या. पायथ्याच्या विहिरींची वाहकता दोनशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावसाचंच पाणी. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपतो, खालच्या पांढरट-गुलाबी चिकट मातीवर अडतो आणि पायथ्याला झऱ्यांनी बाहेर येतो. जांभा पाणी पटकन घेतो आणि पटकन सोडतो. म्हणूनच तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिलमध्ये झरे आटतात.

चारला क्रमांक १४. आमची.

विहीर चिऱ्यांनी बांधलेली, गोल, एका अंगाला दगडी दोण. रहाटाचे दोन खांब अजून उभे आहेत, त्यांच्यावर आता मिरीचे वेल चढलेत. कठड्यापासून पाणी ४.२० मीटर, तळ ५.९० मीटर. पंपातून येणाऱ्या पाण्याची वाहकता २,७००.

मीटर पुन्हा द्रावणात बुडवला. बरोबर होता. दुसरा मीटर लावला: २,६८०.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. २,७०० वाहकतेला क्षार साधारण सतराशे. चालवून घ्यायच्या पाण्यात आमचं घर बसतं.

दादाला आकडा सांगितला. "आपलं पाणी गोडं आहे, सगळ्या गावाला माहीत आहे," तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात. आमच्या विहिरीचं पाणी लग्नकार्याला नेत असत, तेव्हाची ती माहिती आहे, आणि ती खरी होती.

रात्री आईजवळ विषय काढला. ती कोकमं वेचत होती, मान वर न करता म्हणाली, "अगो, तीन वर्षं झाली. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. चहाचं आणि डाळीचं पाणी मी वरच्या विहिरीवरून आणवते. दोन हंडे रोज."

मला कधी बोलली का नाहीस?

"चार दिवस येतेस. त्यात विहिरीचं कुठे सांगत बसू."

म्हणजे आल्या दिवशी मी प्यायलेला चहा क्रमांक ३ चा होता.

१२ मे, सोमवार. वैशाख पौर्णिमा

उधाणाची मोजणी. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला, चार विहिरींत. भरतीची वेळ काढायला गावात कोणी तक्ता पाहत नाही. तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमाराला. पुळणीवर स्टाफ रोवून पाहिलं: अकराला दहा मिनिटं कमी असताना पाणी थबकलं. बोटांवरच्या हिशेबाला एवढं पुरेसं आहे.

भाची दिवसभर बरोबर होती. दहावीचा निकाल उद्या आहे, तिला घरात बसवत नव्हतं. फीत सोडायची, आवाज आला की थांबायची, आकडा म्हणायची, मी लिहायची. दुपारी दोनच्या फेरीला तिने विचारलं, "आत्या, समुद्रात भरती अकराला झाली, तर विहिरीत दोन वाजता का चढतंय?" वाळूतून यायला वेळ लागतो, आणि येता येता जोर ओसरतो. पुळणीपासून साठ मीटरवरच्या क्रमांक १९ मध्ये पाणी १५ सेंटिमीटर हललं. आमची एकशेचाळीस मीटरवर आहे, तिथे ६. रस्त्यापलीकडे काहीच नाही.

सहा सेंटिमीटर. या विहिरीच्या कठड्यावर बसून मी बाराखडी म्हटली आहे. तिच्या आत भरती-ओहोटी आहे, हे मला आज कळलं.

रात्री दहाला पंप बंद असताना प्रोब सोडला. वरच्या थरात ९८०, अर्ध्या मीटरवर १,१५०, एक मीटरवर १,९००, तळाला ३,२००. एकाच विहिरीत वर गोडसर आणि खाली खारट, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं खालचं तोंड, तळापासून जेमतेम वीतभर वर.

१३ मे, मंगळवार

एक वाजता निकाल. भाचीला ९१ टक्के. कोकण विभाग यंदाही राज्यात पहिला. वहिनीने सगळ्या वाडीत पेढे वाटले. दुपारनंतर मोजणी नाही.

१४ मे, बुधवार

डंपीने पुलावरच्या बेंचमार्कपासून (समुद्रपातळीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून) सगळ्या कठड्यांच्या पातळ्या आणल्या. ऊन फार, स्टाफ धरणाऱ्याला दर वीस मिनिटांनी सावलीत बसवावं लागलं. संध्याकाळी आकडेमोड.

आमचा कठडा सरासरी समुद्रपातळीच्या वर ४.६० मीटर. पाणी ४.२० खाली. म्हणजे विहिरीतलं पाणी समुद्राच्या वर फक्त ४० सेंटिमीटर उभं आहे.

यावरचा हिशेब जुना आहे. डच अभियंता बादोन घायबेन याने १८८९ च्या सुमाराला आणि जर्मनीत हर्झबर्गने १९०१ मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, तो मांडला. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड, १ ला १.०२५. त्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं आणि समुद्रपातळीच्या वर जेवढं उभं असेल त्याच्या चाळीसपट खाली जातं. ४० सेंटिमीटर वर, तर १६ मीटर खाली. उलट बाजूनेही तसंच: वरची पातळी दहा सेंटिमीटर कायमची उतरली, की खालून खारं पाणी चार मीटर वर येतं.

कागदावर हे स्थिर पाण्याचं गणित आहे. प्रत्यक्षात गोड्या आणि खाऱ्याच्या मध्ये मचूळ पाण्याचा जाड थर असतो आणि उपसा केला की तो उपशाच्या जागेखाली टेंगळासारखा वर येतो.

म्हणून उद्या पंप चालू असताना पातळी घ्यायची.

१५ मे, गुरुवार

पहाटे साडेपाचला दादाने नेहमीसारखा पंप लावला. तीन अश्वशक्तीचा. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या टाक्या आणि वाडीचं शिपणं मिळून दीड तास. मी दर पाच मिनिटांनी फीत सोडत होते. सुटीचा हंगाम आहे, चारही खोल्या भरलेल्या, पाहुण्यांची मुलं उठून कठड्याभोवती जमली.

सातला पाणी कठड्यापासून ५.४० वर होतं. १.२० मीटर उतरलं. समुद्राच्या पातळीखाली ८० सेंटिमीटर.

हा आकडा मी वहीत तीनदा लिहिला. रोज सकाळी आमच्या विहिरीतलं पाणी समुद्राच्या खाली जातं आणि परत वर यायला तिला दुपार होते. तेवढा वेळ समुद्राला आमच्या वाडीकडे उतार मिळतो.

आईला विचारलं, रहाट होता तेव्हा पाणी किती उतरायचं? "उतरायचं कुठे. रेडा फिरायचा, लोटे भरून यायचे, दोणीत पडायचे, पाटाने आळ्यांत जायचं. तळ मी पाहिला तो गाळ काढताना, तेवढाच." रहाट जेवढं उचलायचा तेवढं झऱ्यांतून भरून यायचं, आणि लोटे पाणी भरायचे ते वरच्या थरातलं. रेड्याच्या चालीने ते आपोआप व्हायचं.

जेवताना दादाने सांगितलं की समुद्राच्या अंगाला, नव्या खोल्यांच्या मागे, बोअर मारायची ठरली आहे. शंभर फूट. गाडी २२ तारखेला येणार, आगाऊ रक्कम दिलेली.

मी तिथेच हिशेब मांडला. शंभर फूट म्हणजे तीस मीटर. तिथली जमीन साडेचार मीटर उंच. बोअरचा तळ समुद्रपातळीखाली सव्वीस मीटर. गोडं पाणी फार तर सोळापर्यंत, आणि समुद्राच्या बाजूला त्याहून कमी. तिथे खारं पाणीच लागेल, आणि ते उपसताना वरचं गोडं खाली ओढलं जाईल. आपल्यासकट शेजारच्या दोन विहिरी जातील.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुझं खरं असेल. पण पाहुणा आंघोळीला पाणी मागतो तेव्हा त्याला चाळीसपट सांगू? पोफळीवर आता घर चालत नाही. खोल्यांवर चालतं. तुझी दहावीनंतरची फी पोफळीवर गेली, हिची जाणार नाही." आणि थोड्या वेळाने, "अहवालात आपल्या विहिरीचं नाव नको."

अहवालात कोणाचंच नाव येत नाही, फक्त क्रमांक येतात. पण क्रमांक १४ गाळणार नाही, असं मी सांगितलं. ३१ आणि ३२ जर कागदावर खारट म्हणून जाणार असतील तर १४ पण जाईल. वहिनी उठून पानं उचलू लागली. त्यानंतर कोणी बोललं नाही.

फीबद्दलचं त्याचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं आहे. आमच्या मागल्या रांगेतल्या पोफळींच्या पानांची टोकं करपली आहेत. माड खारेपणा सोसतो, पोफळ सोसत नाही. मी आल्यापासून ती टोकं पाहत होते आणि उन्हाने झालं असेल असं समजत होते.

१६ मे, शुक्रवार

खारवीवाडा आणि खाडीकडच्या विहिरी पूर्ण. नमुन्यांच्या पंचेचाळीस बाटल्या भरल्या.

रात्री नऊला वाडीत बॅटरीचा उजेड दिसला. दादा आणि भाची विहिरीवर. त्याने पाइप उचलून धरला होता, ती फितीने मोजत होती. फूटव्हॉल्व्ह किती वर घ्यावा, एवढंच त्याने मला विचारलं. एक मीटर, म्हटलं. म्हणजे व्हॉल्व्हचं तोंड जवळजवळ समुद्राच्या सरासरी पातळीवर येईल, आणि पंप त्याखालचं पाणी ओढूच शकणार नाही. "मग अर्ध्या तासात हवा घेईल." घेईल. म्हणून अर्ध्या तासाच्या आत बंद करायचा आणि दिवसातून तीनदा लावायचा. मधल्या वेळात विहीर भरून येईल.

त्याने पाइपाला नायलॉनची दोरी दुहेरी गुंडाळून रहाटाच्या जुन्या खांबाला बांधली. बोअरबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

१९ मे, सोमवार

पंपाचं पाणी, क्रमांक १४. १७ तारखेला १,७००. काल १,५६०. आज १,४९०.

तीन दिवसांच्या आकड्यांवर काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पहिला फरक तर नुसता वरच्या थरातलं पाणी येऊ लागल्याचा आहे. पण त्यानंतर दोन दिवस वाढ नाही, घटच आहे. क्रमांक १२ आणि १५ च्या मालकांनी, म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी, आज येऊन दोरी कशी बांधली ते पाहिलं. दादाने त्यांना दाखवलं. चाळीसपट त्यानेच सांगितली, हाताचे पंजे एकाखाली एक धरून. मी जितकी वर्षं हे शिकवते आहे, त्यात इतकं सुटसुटीत मला कधी सांगता आलेलं नाही.

२० मे, मंगळवार. अष्टमी

भांगेची मोजणी सकाळी सहाला सुरू केली. समुद्र शांत, भरती-ओहोटीत फरक थोडा. दुपारी तीनपर्यंत चारही विहिरींच्या नोंदी नीट. आमच्या विहिरीत दीड सेंटिमीटर, उधाणाला सहा होतं. साडेतीनला दक्षिणेकडून काळं आलं आणि पाऊस सुरू झाला. वळवाचा वाटला नाही. वीज-वारा गेल्यावरही तो तसाच पडत राहिला.

मोजणी थांबवली. यापुढच्या खारेपणाच्या नोंदींत पाऊस मिसळलेला आहे, त्या तुलनेला घेऊ नयेत.

२२ मे, गुरुवार

सलग तिसरा दिवस पाऊस. वहिनी आणि आई ओटीवर आमसुलं पसरून बसल्या आहेत, वाळवणं सगळी आत. हापूसचा शेवटचा बहर झाडावरच काळा पडला. कलमवाल्या घरांत आज कोणी नीट जेवलं नसेल.

बोअरची गाडी दुपारी आली. वाडीत यायच्या गल्लीत पुढचं चाक चिखलात रुतलं. दोन तास जांभ्याचे तुकडे टाकून ती मागे काढली. चालक म्हणाला, आता दिवाळीनंतर. दादाने आगाऊ रक्कम परत मागितली नाही. मागणार का, हे मी विचारलेलं नाही. मला हवं ते गणिताने झालं नाही, पावसाने पुढे ढकललं. ऑक्टोबरात मला पुन्हा यावं लागेल.

२५ मे, रविवार

मान्सून केरळात काल, आज देवगडपर्यंत. संध्याकाळी खारवीवाड्यात गेले. होड्या वर ओढून झाल्या होत्या, झाप घालायचं राहिलेलं. आजीबाईला ३१ आणि ३२ चे आकडे सांगितले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता?"

अहवालाच्या शिफारशींत क्रमांक ३ पासून खारवीवाड्यापर्यंत नळ टाकण्याचा मुद्दा मी पहिला लिहिला आहे. उतार पुरेसा आहे, पंपही लागणार नाही. पातळ्या मी स्वतः घेतल्या आहेत. तिला हे सांगितलं. ग्रामपंचायतीत ठराव मांडायला कोण जाईल, असं तिने विचारलं. दादा सदस्य आहे. रात्री त्याला सांगितलं. जूनच्या सभेत विषय घेतो म्हणाला.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी. एरवीची तारीख ११ जून. सामान बांधून जीपमध्ये. घाटात दरड नाही, अशी खात्री केली.

निघण्याआधी एक मीटर, फीत आणि द्रावणाची बाटली भाचीच्या हवाली केली. ठिकाण क्रमांक १४, १९, ३ आणि ३१. दर सोमवारी सकाळी, पंप लावण्याआधी. मीटर आधी द्रावणात बुडवायचा. आकडा पटला नाही तर पुन्हा घ्यायचा, पण पहिला खोडायचा नाही. नवीन वहीला तिनेच कव्हर घातलं आहे.

विहीर क्र. १४. सकाळी ६.४०. पाऊस चालू. कठड्यापासून पाणी ३.४८ मीटर. वरचा थर ४१०, तळ २,३५०. फीत आणि नोंद: भाची.